सिनांपालुकान : चिंच कोणती, आणि ती कधी घालायची

कोंबडीचे फिलिपिनो आंबट सूप करून पाहिले, पण ते तपकिरी व गोडसर झाले आणि चवीला चिंचेच्या सारासारखे लागले, असे आपण लिहिले आहे. आपण वापरलेली चिंच घरातल्या बरणीतली, पिकलेली असणार. तागालोग भाषेत चिंचेला ‘सांपालोक’ म्हणतात आणि त्यावरूनच ‘सिनांपालुकान’ हे नाव आले. मात्र तिथे या सुपासाठी हिरवी, कच्ची चिंच आणि चिंचेचा कोवळा पाला घेतात. पिकलेल्या चिंचेत साखर बरीच असते. अशी चिंच कितीही कमी घातली, तरी गोडसरपणा आणि काळपट रंग जात नाही.

शारजात आमच्या शेजारी फिलिपिन्समधल्या बातांगासच्या एक बाई राहत असत. त्यांच्या स्वयंपाकघरात उभा राहून मी हे सूप शिकलो. सिनिगांग या दुसऱ्या फिलिपिनो आंबट सुपासारखे सगळे थेट पाण्यात त्या शिजवत नसत. आधी तेलात लसूण, कांदा आणि आल्याचे लांब काप परतून, त्यावर हाडांसकट कोंबडीचे तुकडे व दोन मोठे चमचे पातिस, म्हणजे खारवलेल्या माशांचा पातळ अर्क, घालून मांसाचा गुलाबी रंग जाईपर्यंत त्या परतत. एक किलो कोंबडीला किमान ५० ग्रॅम आले हवेच. इथे हात आखडता घेऊ नये. मग तांदळाच्या दुसऱ्या धुण्याचे दीड लिटर पाणी घालावे, त्याने सुपाला किंचित दाटपणा येतो. ब्रॉयलर २५ ते ३० मिनिटांत शिजते, गावठी कोंबडीला तासाहून अधिक वेळ लागतो.

तोवर दुसऱ्या भांड्यात १५० ग्रॅम कच्च्या चिंचा साल फुटेपर्यंत उकडून, कुस्करून त्यांचे पाणी गाळून ठेवावे. भांडे स्टीलचे घ्यावे, कल्हई नसलेले पितळ्याचे नको. चवळीच्या शेंगा आणि वांगी मऊ होत आल्यावरच हे आंबट पाणी ओतावे, कारण आंबटपणात भाज्या लवकर शिजत नाहीत. आपली वांगी कचवट राहिली, त्याचेही कारण बहुधा हेच.

चिगूर, म्हणजे चिंचेचा कोवळा पाला, सर्वांत शेवटी. त्या बाई दोन मुठी पाला तळहातांवर चोळत. पाने निसटून पातेल्यात पडत आणि देठ हातात राहत. सोबत एक-दोन लांब हिरव्या मिरच्या, न चिरता. नंतर दोन मिनिटांत आच बंद. हळद, फोडणी, कोथिंबीर यांचे इथे काहीच काम नाही. (मी एकदा सवयीने हळद घातली होती, तेव्हा बाई काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्यांदा वाढूनही घेतले नाही.)

आपल्याकडे चिगूर उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुटतो आणि कच्च्या चिंचा पावसाळा संपल्यावर येतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मिळतीलच असे नाही. एकावरही सूप छान होते. गोव्यात किंवा कोकणात असाल तर चिंचेऐवजी बिलिंबी हे आंबट फळ घ्या. फिलिपिन्समध्ये तिला कामियास म्हणतात आणि सिनिगांगमध्ये ती सर्रास घालतात, फक्त त्या सुपाला मग सिनांपालुकान म्हणता येणार नाही.

पातिसला पर्याय आपण विचारला होता. नुसते मीठ चालेल, चव थोडी उणी राहील. सोया सॉस मात्र घालू नये, रंग पुन्हा तपकिरी होईल.