प्रार्थना करूनही शेजाऱ्याचा त्रास थांबत नाही. ख्रिस्ती माणसाने गप्प राहावं का?

नाही, गप्प राहू नये. तुम्ही लिहिलंय की शेजारी रोज कुरापत काढतो, तुम्ही त्याच्यासाठी प्रार्थना करता आणि घरचे म्हणतात, "आपण ख्रिस्ती, आपण सोसायचं." हे वाक्य मी आमच्या दादाच्या तोंडून इतकं ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवेना.

आमची शेती नेवासे तालुक्यात. लगतचा शेतकरी आमच्याच मंडळीतला, म्हणजे आमच्याच चर्चचा, रविवारी आमच्या पुढच्या बाकावर बसणारा. दर नांगरटीला त्याचा ट्रॅक्टर आमचा बांध थोडा थोडा कोरायचा. आमच्या बापाने राखलेली जमीन डोळ्यांदेखत त्याच्या उसाखाली चालली होती. त्या काळात मी बायबलमधलं 55वं स्तोत्र रोज वाचायचो. दावीद तिथे रडतो ते वैऱ्यामुळे नाही, ज्याच्याबरोबर देवाच्या घरी जायचा त्या सोबत्यामुळे. प्रार्थनेत मी त्या शेतकऱ्याचं नाव घ्यायचो, त्याच्या पोरांची नावं घ्यायचो आणि रागही तसाच देवापुढे ठेवायचो. तो काही बदलला नाही. पण त्याच्या वस्तीवर गेलो तेव्हा माझा आवाज चढला नाही, हे मी प्रार्थनेचंच फळ मानतो.

गेलो एकटाच. मत्तयाच्या शुभवर्तमानात, 18:15 मध्ये, प्रभू येशूने तेच सांगितलंय: जा, दोघेच असताना त्याला त्याची चूक दाखव. गावभर बोंब नको आणि मनात कुढणंही नको. मी म्हणालो, "बांध यंदा पुन्हा कोरलाय, मला तो परत पाहिजे." तो म्हणाला, "रोज प्रार्थनेला बसणारा माणूस हातभर जमिनीसाठी भांडतो का?" हे मला फार लागलं. आपला विश्वास आपलंच तोंड दाबायला वापरला जातो तो असा.

मग पुढच्याच वचनाप्रमाणे मंडळीतले दोन वडील, म्हणजे मंडळीचे वडीलधारे, घेऊन गेलो. त्यांनी चहा घेतला आणि मलाच समजावलं की सोडून द्या, मंडळी फुटेल. शेवटी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज केला. लगतधारकांना नोटिसा गेल्या, भूकरमापक आला, हद्दीच्या खुणा झाल्या, दगड रोवले. बांध आमच्या हद्दीत निघाला.

दादा तेव्हापासून दोन वचनं सांगतो. एक, 1 करिंथ 6, म्हणजे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय: भावाने भावाला कोर्टात खेचू नये. अरे, पण मोजणी म्हणजे कोर्ट नाही. आणि त्याच अध्यायात पौल विचारतो की भावाभावांचा निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही का? आमच्या मंडळीने तो निवाडा करायला हवा होता. दुसरं, इसहाकाने विहिरी सोडून दिल्या. दिल्या, कारण तो गराराच्या मुलखात उपरा होता. पण तिथला राजा अबीमलेख भेटायला आला तेव्हा इसहाकाने तोंडावर विचारलंच, तुम्ही माझा द्वेष करून मला घालवलंत, आता कशाला आलात? (उत्पत्ती 26:27) आणि बायबलच्या अनुवाद या पुस्तकातलं 27:17 दादा कधी वाचत नाही. शेजाऱ्याची सीमा सरकवणाऱ्याला तिथे शाप आहे, आणि त्यावर सगळ्या लोकांनी आमेन म्हणायचं आहे.

क्षमा मी केली आहे. दगड मात्र उपटणार नाही. तो शेतकरी अजून माझ्याशी बोलत नाही, त्याची बायको आमच्या घरी येते-जाते. रोमकरांस 12:18 मध्ये "तुम्हांकडून होईल तितके" असं आहे. माझ्याकडून होईल तितकं मी केलं.

तुमचा शेजारी कोणत्या धर्माचा, भांडण कशावरून, हे तुम्ही लिहिलेलं नाही. तो ख्रिस्ती नसेल तर मंडळीतल्या वडिलांऐवजी दोघे ज्याचं ऐकतात असा माणूस बरोबर घ्या. इमारतीतलं भांडण असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला लेखी द्या आणि पोच घ्या. आणि तो दारू पिऊन अंगावर येत असेल, बाईमाणसाला धमकावत असेल, तर माझ्यासारखं एकट्याने मुळीच जाऊ नका. 112 ला फोन करा. प्रार्थना त्याच्या नावाने चालू ठेवा, फोन केल्यानंतरसुद्धा.