फाटकाला एवढी घाई कशाची?

पोरा,

तुझ्या छोट्या मॉडेल रेल्वेच्या लेआउटचा व्हिडिओ दोनदा बघितला. रूळ मस्त बसलेत, पण फाटक पाडायलास का तलवार चालवायलास? परभणीला फाटकावर उन्हात गाडी बंद करून उभा असलेल्या माणसाला विचार, दांडा खाली यायला किती वेळ लागतो ते.

30 वर्षं पाण्याच्या मोटरी भरल्या मी, म्हणून सांगतो, मोटर फिरवायला काही लागत नाही, हळू फिरवायला लागतं. खेळण्यातली बारकी मोटर मिनिटाला हजारो फेरे मारती, व्होल्टेज कमी केलं की हळू होईल असं वाटतं पण जोरच जातो, मग अडकून बसती अन् तापती. गिअरवालीच घे. पिवळी बीओ मोटर स्वस्तात मिळती, आत साधारण 1:48 चे गिअर, म्हणजे मोटरचे 48 फेरे झाले की शाफ्टचा एक, पण धाराशिवकडच्यासारख्या पवनचक्क्या करायच्या तर ती पण लई पळती, तिथं 12 व्होल्टची 10 आरपीएमवाली, म्हणजे मिनिटाला 10 फेऱ्यांची लाव. मायक्रोवेव्हमधली ताट फिरवायची मोटर कुणी फुकट देईल, हळू फिरती खरी, पण बहुतेक 230 व्होल्टची असती अन् आपला हात सारखा लेआउटवर, नकोच.

फाटकाला मात्र सर्वो, म्हणजे सांगितलेल्या अंशावर जाऊन थांबणारी मोटर, बरोबर आहे. आर्डुइनोत, त्या प्रोग्रॅमच्या बोर्डात, एकदम 90 अंश लिहिलंस म्हणून आदळायलंय. एकेक अंश सरकव, दर अंशाला 40 मिलिसेकंद थांब, साडेतीन सेकंदाच्या वर जातंय बघ. सिग्नलचा हात करशील तेव्हा शेवटी दोन-तीन अंश वर-खाली उडव, ते जुने तारेवरचे सिग्नल पडताना असेच हिंदकळायचे, पूर्णेला लहानपणी मी तेच बघत बसायचो अन् आई ओरडायची. सर्वो थरथरला तर त्याला 5 व्होल्ट वेगळे दे, बोर्डातून नको, ग्राउंड, म्हणजे वजा तार, तेवढा एकत्र ठेव.

आणि रुळाच्या सप्लायवर काही जोडू नको. माझी पहिली पवनचक्की मी तिथंच जोडली होती, गाडी स्टेशनात थांबवायला रुळाचा करंट तोडला की वारा बंद!

लेआउटवर हलता हापसा करायची तुझी आयडिया मला सगळ्यात आवडली. खऱ्या हापशाचा हिशोब मिनिटाला 40 वेळा धरतात, मोटर तेवढीच फिरव. चकतीवर मधापासून 2 मिलिमीटरवर खिळा ठोक, त्याला तार अडकवून दांड्याच्या आखूड टोकाला जोड, म्हणजे लांब टोक आपोआप जास्त हलतं. शाफ्ट जोडायला सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, थोडं वाकडंतिकडं बसलं तरी ती सांभाळून घेती. मोटरखाली जुन्या चपलेचं रबर टाक, नाहीतर प्लायवूड पत्र्याच्या डब्यावाणी घुमतंय. मोटरच्या ब्रशवर 104 चा (0.1 मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर विसरू नको, तिच्या ठिणग्यांनीच शेजारचा सर्वो दचकतो कधीकधी.

रविवारी ये दुकानात, फाटक घेऊन. आणि हापशावरची बाई नव्यानं बनव, 1:87 ला, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान मापाला, ती 18-19 मिलिमीटरच्या वर नको, आत्ताची तुझी बाई डब्याच्या दारात शिरायची नाही.