विमानामागची पांढरी रेघ

प्रश्न : जगाच्या कार्बन उत्सर्जनात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्केच आहे, असे वाचले. मग त्यांची एवढी चर्चा कशासाठी?

उत्तर : आकडा बरोबर आहे, पण तो केवळ कार्बन डायऑक्साइडचा आहे. उंचावरच्या अतिथंड, दमट हवेत इंजिनातून बाहेर पडणाऱ्या काजळीच्या कणांवर बाष्प गोठून जे पांढरे पट्टे उमटतात, ते पसरून ढगांसारखे टिकले तर पृथ्वीवरून वर जाणारी उष्णता अडवतात. दिवसा ते थोडा सूर्यप्रकाश परतवतात तरी, रात्री तेवढाही उपयोग उरत नाही. मौज अशी की, फार काळ टिकणारे पट्टे मोजक्याच उड्डाणांमागे तयार होतात, त्यामुळे तेवढ्या विमानांची उंची किंचित बदलणे हा तुलनेने स्वस्त उपाय ठरू शकतो.

वापरलेल्या खाद्यतेलासारख्या टाकाऊ पदार्थांपासून बनवलेले इंधनही उत्सर्जन बरेच घटवते. युरोपीय संघातील विमानतळांवर पुरवल्या जाणाऱ्या इंधनात २०२५ पासून अशा पर्यायी इंधनाचे प्रमाण किमान २ टक्के ठेवणे बंधनकारक असून, २०५० मध्ये ते ७० टक्क्यांवर जायचे आहे. मात्र हे इंधन महाग आहे आणि त्याचे उत्पादनही तोकडे आहे. बॅटरीचे वजन पाहता लांब पल्ल्याची विद्युत विमाने इतक्यात येणार नाहीत. प्रवासातील उत्सर्जनाची झाडे लावून भरपाई केल्याच्या प्रमाणपत्रांवर मी तरी फारसा विसंबणार नाही.