लक्झरी, लूक्स आणि माज

‘लक्झरी’ हा शब्द लॅटिनमधील प्रकाशवाचक ‘लूक्स’वरून आला काय, आणि त्याला मराठीत ‘चैन’ म्हणावे की ‘ऐषाराम’, अशी पृच्छा आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्वच्छ ‘नाही’ असे आहे. गृहसंकुलांच्या जाहिरातींतून ही उजेडाची कथा इतक्यांदा कानी आदळते की ते ठणकावूनच सांगणे भाग आहे. ‘लूक्स’मधला ‘स’ हा निव्वळ विभक्तिप्रत्यय असून षष्ठीत त्याचे ‘लूकिस’ होते. आपल्या ‘रुच्’ (प्रकाशणे) आणि ‘रोचन’ यांचा तो सोयरा. ‘लक्झरी’च्या मुळाशी असलेल्या ‘लुक्सुस’मध्ये मात्र तो ‘स’ अंगातच मुरलेला आहे, आणि त्या शब्दाचा अर्थ अतिरेक, उधळपट्टी असा आहे.

त्यापासून झालेला ‘लुक्सुरिया’ हा शब्द शेताच्या बांधावर उभे राहून पाहावा. रोमन कवी व्हर्जिलच्या ‘जॉर्जिक्स’ या शेतीविषयक काव्याच्या पहिल्या सर्गात, पुढे कणसांच्या भाराने ताटे आडवी होऊ नयेत म्हणून कोवळ्या पिकाचा फाजील जोम गुरांना चारून टाकणारा शेतकरी येतो, आणि त्या जोमाला कवी हाच शब्द त्याच्या ‘लुक्सुरिएस’ या रूपात वापरतो. आपण याला काय म्हणतो? माज! रान माजते, जनावर माजावर येते, पैसा आला की माणूस माजतो. आणि ‘लुक्सुरिया’ही पिकावरून माणसाच्या उधळेपणाकडे व तेथून कामवासनेकडे गेला. फ्रेंच ‘लुक्स्यूर’चा अर्थ आजही कामवासना असाच आहे, आणि पूर्वी इंग्रजीत खुद्द ‘लक्झरी’ही तोच अर्थ वाहत असे.

लॅटिनमध्ये ‘लुक्सुस’ असेच एक विशेषणही आहे, त्याचा अर्थ निखळलेला. अस्थिरोगतज्ज्ञ सांधा निखळण्याला ‘लक्सेशन’ म्हणतात ते यावरूनच. काही कोशकार या दोहोंच्या नोंदी अलग ठेवतात. ती सावधगिरी मला भित्रेपणा वाटते, कारण जागेवरून सरकलेले हाड आणि मर्यादेवरून सरकलेला माणूस यांना एका शब्दात पाहणे रोमनांना अवघड नव्हते.

गंमत अशी की उजेडाची व्युत्पत्ती ज्याला खरोखर शोभते तो शब्द आपला ‘विलास’ आहे, कारण ‘लस्’ या धातूला चमकणे आणि क्रीडा करणे असे दोन्ही अर्थ आहेत.

राहिला दुसरा प्रश्न. सोफ्याला ‘चैन’ म्हणा, ‘ऐषाराम’ म्हणा. रात्रीच्या खाजगी बसला तर आपण ‘लक्झरी’च म्हणतो. लॅटिन मजकूर मराठीत आणताना मात्र ‘माज’ लिहावे.