मंगळवारी सकाळी तुम्ही संपावर होता का?

नमस्कार.

टपाल खात्यात कुठेही अचानक काम बंद पडलं की पुढच्या काही आठवड्यांत मला तुमच्यासारखी पत्रं येतात. डेपो वेगळा असतो, भांडणाचं कारण वेगळं असतं. एक वाक्य मात्र प्रत्येकात सापडतं: 'मी संपावर नव्हतोच, फक्त गेटवर उभ्या असलेल्या मित्रांना ओलांडून आत गेलो नाही.' तुमच्याही पत्राची सुरुवात तीच आहे, आणि तुमची सगळी भिस्तही त्याच वाक्यावर आहे. ती तिथून काढा, असं आधीच सांगते.

बाकी वाचकांसाठी हकीकत थोडक्यात. तुम्ही इंग्लंडमधल्या एका मेल सेंटरमध्ये साडेचार वर्षं सॉर्टिंगला होता, दुपारी दोनच्या शिफ्टला. एका सहकाऱ्याला निलंबित केलं म्हणून गुरुवारी सकाळी युनियनच्या तिथल्या प्रतिनिधीने सगळ्यांना बाहेर काढलं. मतदान नाही, नोटीस नाही. तुम्ही दुपारी आलात, गेटवर पिकेट लाइन, म्हणजे संपकऱ्यांची रांग, पाहिलीत आणि परत फिरलात. शुक्रवारी युनियनच्या मुख्यालयाने या संपाशी आपला संबंध नसल्याचं जाहीर केलं. सोमवारी तुम्ही पुन्हा गेटवरून परतलात. मंगळवारी दोन वाजता आत गेलात, कार्ड लावलंत, कामाला लागलात. तीनच्या सुमारास मॅनेजरने बोलावून सांगितलं की तुम्हाला बडतर्फ केलंय आणि तसा ईमेल सकाळी अकरालाच पाठवलाय. तो ईमेल तुम्ही त्याच्यासमोर पहिल्यांदा उघडलात. चौकशी नाही, ताकीद नाही. हे अन्यायाचं नाही का, असं तुम्ही विचारता.

अन्यायाचं आहे. पण ट्रायब्युनलने, म्हणजे नोकरीचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने, तो अन्याय ऐकायचा की नाही हे आधी ठरतं, आणि ते ठरवणारं कलम एकच आहे: ब्रिटनच्या 1992 च्या ट्रेड युनियन कायद्याचं कलम 237. बडतर्फीच्या वेळी जो कामगार अनधिकृत, म्हणजे युनियनचं पाठबळ नसलेल्या, संपात सामील असेल, त्याला अन्याय्य बडतर्फीची तक्रार करण्याचा हक्कच नाही, असं ते सांगतं. काही मोजके अपवाद आहेत, उदाहरणार्थ सुरक्षिततेची तक्रार केली म्हणून किंवा गैरप्रकार उघड केला म्हणून काढलं असेल तर. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही. एकदा या कलमात अडकलात की चौकशी झाली का, बाकीच्यांना का ठेवलं, तुमची सेवा किती चांगली होती, यातलं काही विचारलं जात नाही. हे कलम मुळात 1990 च्या कायद्यातून आलं, नंतर 1992 च्या कायद्यात गेलं, आणि अचानक होणारे संप मोडण्यासाठीच आलं. मला ते कधीच पटलेलं नाही. पण त्यानंतर इतकी सरकारं आली नि गेली, ते जागचं हललेलं नाही. 2025 च्या रोजगार हक्क कायद्याने रीतसर मतदान झालेल्या संपाचं संरक्षण वाढवलं, अनधिकृत संपात असलेल्याच्या हाती त्यातून काही पडलं नाही.

आता 'मी संपावर नव्हतो' याबद्दल. 1982 च्या कोट्स खटल्यात एक कामगार बाई शिवीगाळ होईल या भीतीने पिकेट लाइन ओलांडून आत गेली नव्हती. संपाला तिचा पाठिंबा नव्हता. तरीही अपील न्यायालयाने ती संपात सामील होती असंच धरलं. कामावर यायची वेळ होती, काम उपलब्ध होतं, गेटवर संपकरी होते आणि ती आत गेली नाही, एवढं पुरेसं ठरलं. तिच्या मनात काय होतं, हे महत्त्वाचं मानलं गेलं नाही. तुम्ही भीतीने नाही, मित्रांचा मान राखायला थांबलात, म्हणजे तुमची बाजू तिच्यापेक्षाही लंगडी. पिकेट लाइन न ओलांडणं ही निष्ठा आहे हे मला कळतं, आणि त्याबद्दल तुम्हाला एका शब्दानेही दोष देणार नाही. पण गुरुवार ते सोमवार तुम्ही संपात होता असं धरूनच पुढे चालायचं.

मग मुद्दा उरतो तो वेळेचा, आणि इथे कायद्याने जरा जागा ठेवली आहे.

गुरुवारी संप पुकारला तो युनियनच्या प्रतिनिधीने. कायद्याच्या नजरेत प्रतिनिधीची हाक ही युनियनचीच हाक धरली जाते, जोवर युनियन ती लेखी नाकारत नाही. म्हणून मतदान झालं नसलं तरी गुरुवारी हा संप कलम 237 च्या अर्थाने 'अनधिकृत' नव्हता. शुक्रवारी युनियनने तो नाकारला. नाकारल्याच्या दिवसानंतरचा पुढचा कामाचा दिवस संपेपर्यंत संप अनधिकृत मानायचा नाही, अशी त्याच कलमात सवलत आहे, म्हणजे कामगाराला निरोप पोचून परत यायला वेळ मिळावा. शनिवार-रविवार कामाचे दिवस धरत नाहीत, मग तुमच्या केंद्रात त्या दिवशी टपाल फुटत असो वा नसो. तेव्हा तुमची मुदत सोमवारी मध्यरात्री संपली.

संप नाकारल्याची लेखी नोटीस तुम्हालाही आली होती. युनियनला तशी नोटीस संपात असलेल्या किंवा सामील होऊ शकणाऱ्या प्रत्येक सभासदाला पाठवावी लागते आणि तिच्यात कायद्याने ठरवून दिलेला मजकूर घालावा लागतो: युनियनने हा संप नाकारला आहे, त्याला कोणतंही पाठबळ मिळणार नाही, आणि अनधिकृत संपात असताना बडतर्फ झालात तर अन्याय्य बडतर्फीची तक्रार करता येणार नाही. तुम्ही लिहिता की ते पाकीट शनिवारी घरी आलं आणि 'नेहमीचं सर्क्युलर असेल' म्हणून तुम्ही ते फोडलंच नाहीत. युनियनचा ईमेलही उघडला नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वेळेवर पोचावीत म्हणून राबणाऱ्या माणसाने स्वतःचं पत्र बंदच ठेवावं, याचा मला राग आला, हे लपवत नाही. ते वाचलं असतंत तर सोमवारी दोन वाजता तुम्ही आत असता आणि आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. आता तरी ते फोडा आणि संप कोणत्या तारखेला नाकारला ते पाहा. तिथे शुक्रवारऐवजी सोमवारची तारीख असेल, तर मंगळवारचा पूर्ण दिवस तुमच्या सवलतीत येतो आणि कंपनीचं कलम 237 चं कवच गळून पडतं. मग कलम 238 लागू होईल. त्यात तुमच्याबरोबर बाहेर असलेल्या कुणाला ठेवून फक्त तुम्हाला काढलं का, हा प्रश्न निर्णायक असतो, आणि तुमच्या म्हणण्याप्रमाणे गेटवरचे बहुतेक जण आजही कामावर आहेत. नोटीस कायद्याच्या चौकटीत बसते का, हेही कुणाकडून तपासून घ्या. त्यावर मी फार आशा ठेवत नाही, कारण युनियनचे वकील या बाबतीत काटेकोर असतात.

पण तारीख शुक्रवारचीच आहे असं धरू. मग सगळा खटला मंगळवारच्या सकाळवर येऊन ठेपतो. बडतर्फीच्या वेळी तुम्ही संपात होता का?

तुमच्या पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत, जाता जाता, तुम्ही लिहिलंय: 'सोमवारी रात्री मी मॅनेजरला व्हॉट्सॲपवर उद्या दोनला येतोय असं कळवलंही होतं.' सबंध पत्रात मोलाची ओळ हीच. हीथ विरुद्ध लाँगमन या 1973 च्या निकालात असं धरलं गेलं की संप सोडून परत येत असल्याचं कामगाराने मालकाला कळवलं, की तो संपावर राहत नाही. प्रत्यक्ष मशिनपाशी उभं राहिलंच पाहिजे असं नाही. तुमचा निरोप सोमवारी रात्री पोचला असेल, तर मंगळवारी अकराला ईमेल सुटला तेव्हाही तुम्ही संपात नव्हता, शिफ्टच्या वेळेची वाट पाहत होता. त्यात भर म्हणजे नोटीस न देता काढलं असेल तर नोकरी प्रत्यक्षात जेव्हा संपते तीच बडतर्फीची वेळ. बडतर्फीचं पत्र वाचेपर्यंत किंवा वाचण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत नोकरी संपत नाही, असं ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये गिस्दा कव्हच्या खटल्यात ठरवलं. तो निकाल दावा दाखल करायच्या मुदतीबद्दल होता, त्यामुळे तो इथे जसाच्या तसा लागू होईल अशी हमी देत नाही. कंपनी म्हणेल, फोन हातात होता, अकराला का नाही वाचलंत? पण तुम्ही आत येऊन काम करत होता, तेही कंपनीने दिलेलं काम, आणि मग ईमेल उघडलात. हा मुद्दा नेटाने लढवण्यासारखा आहे.

म्हणून तो मेसेज. पाठवल्याची वेळ आणि दोन निळ्या खुणा दिसतील असा स्क्रीनशॉट आजच घ्या आणि फोनबाहेर कुठेतरी ठेवा. मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर बंद करा. कंपनीकडे तुमच्या माहितीची लेखी मागणी करा: मंगळवारची कार्ड लावल्याची नोंद, तुमच्याबद्दलचे त्या चार-पाच दिवसांतले ईमेल, आणि तुम्हाला काढायचा निर्णय कुणी किती वाजता घेतला त्याची टिपणं. साधारणपणे एका महिन्यात त्यांना उत्तर द्यावं लागतं. बडतर्फीविरुद्ध कंपनीकडे करायच्या तुमच्या अपिलाचा मसुदा पाहिला. त्यात 'संपाच्या काळात, मंगळवारपर्यंत' असे शब्द आहेत. ते खरे नाहीत, तुम्ही सोमवारी रात्रीच संप सोडला होता. काय घडलं ते वारासकट, तासासकट जसंच्या तसं लिहा. ढोबळ लिहाल तर तुमचेच शब्द उद्या तुमच्यासमोर वाचले जातील.

बाकीचं पटकन. संपाच्या दिवसांचा पगार मिळणार नाही, त्यावर शक्ती घालवू नका. बडतर्फीच्या नोटिशीच्या काळाचा पगार मागता येईल, पण संप हा कराराचा भंग आहे असं कंपनी म्हणेल आणि त्या बाबतीत जुने निकाल तिच्या बाजूचे आहेत. संपाने तुमची सेवा खंडित होत नाही, फक्त तेवढे दिवस मोजायचे नाहीत. त्यामुळे साडेचार वर्षं शाबूत आहेत आणि तक्रारीला लागणारी किमान सेवा तुमच्याकडे आहे. जिंकलात तरी तुमच्या वागण्याचा हिस्सा म्हणून भरपाई कापली जाऊ शकते, किती ते आज सांगता येणार नाही. मॅनेजरने 'टपाल अडवणं गुन्हा आहे' म्हणून घाबरवलं, ते मनातून काढा. 2000 च्या टपाल सेवा कायद्यात टपालाला मुद्दाम उशीर करणं गुन्हा आहे खरं, पण कामगार-वादातल्या संपामुळे झालेला उशीर त्यातून स्पष्टपणे वगळला आहे. आणि सहकाऱ्यांनी दिलेला 2003 चा दाखला: त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात लंडनपासून सुरू झालेले टपाल कामगारांचे असे अचानक संप बोलणी होऊन मिटले, हे खरं. ती तडजोड होती. तिच्यातून तुम्हाला कसलाही हक्क मिळत नाही.

आता ज्यामुळे मला तुमची खरी काळजी वाटते ते. बडतर्फीला सहा आठवडे झाले आणि तुम्ही अपिलाच्याच भरवशावर बसला आहात. अपिलाने मुदत थांबत नाही. दाव्याची नेहमीची मुदत तीन महिन्यांना एक दिवस कमी. नवा कायदा ती सहा महिने करणार, कलम 238 च्या दाव्यांना आधीपासूनच सहा महिने आहेत, हे सगळं तुम्हाला कुणीतरी ऐकवेल. ऐकू नका. तुम्ही कोणत्या कलमात बसता हेच वादात आहे, तेव्हा सगळ्यात आखूड मुदत धरून चालायचं. दावा लावण्याआधी एकॅसकडे, म्हणजे कामगार-मालक वादांत समेट घडवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, समेटाची सूचना द्यावीच लागते आणि ती वेळेत दिली तरच घड्याळ थांबतं. त्यानंतर ट्रायब्युनलसमोर प्रत्यक्ष सुनावणीला वर्ष सहज जातं, अनेकांना त्याहून जास्त लागलेलं मी पाहते आहे. तोवर साक्षीदार पांगतात, मॅनेजर बदलतात आणि मंगळवारी सकाळी कोण किती वाजता काय म्हणालं ते कुणालाच आठवत नाही. न्याय मागणाऱ्या कामगाराला इतकं ताटकळत ठेवणं मला आजही सहन होत नाही, पण ते तुमच्या-माझ्या हातात नाही. सूचना देणं आहे. एकॅसचा फॉर्म ऑनलाइन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. तो या आठवड्यात भरा आणि सूचनेची पोच, ती युनियनची नोटीस आणि मेसेजचा स्क्रीनशॉट घेऊन कामगार कायदा करणाऱ्या वकिलाला भेटा.