रुमाल मोजल्याशिवाय रेघ मारू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भूमिपूजनाची तारीख ठरली, तालुक्याच्या सरकारी कार्यालयांच्या प्रशासकीय भवनाचा नकाशा हातात आला, आणि तू अडली आहेस कुठे, तर तळमजल्यावर दुय्यम निबंधक घ्यायचा की सेतू केंद्र. ते सुटेल. मला काळजी आहे ती तू न विचारलेल्या गोष्टीची. पत्रात अकरा कार्यालयांची नावं आहेत, पण कुणाची माणसं किती, कागद किती, बाजाराच्या दिवशी येणारे लोक किती, याचा एकही आकडा नाही. मग हा नकाशा कशावरून काढला? शेजारच्या तालुक्याच्या नकाशावरचं नाव बदलून? तसं असेल तर त्या तालुक्याच्या चुकासुद्धा तुझ्याकडे आल्या, आणि त्या आता तुझ्या सहीने बांधल्या जातील.

आधी तक्ता, मग नकाशा. हे मी तुला या पत्रात पुन्हा सांगणार आहे, कंटाळा आला तरी वाच.

प्रत्येक कार्यालयाला एक ओळ दे. आकृतिबंधातली, म्हणजे शासनाने ठरवून दिलेल्या पदसंख्येतली, मंजूर पदं लिही, आज भरलेली नकोत. रिकामी पदं भरली की तीच माणसं टेबल मागायला येतात. त्यापुढे गर्दीच्या दिवशीचे अभ्यागत, सध्याच्या दप्तराची रॅकवरची लांबी मीटरमध्ये, खास गरज, आणि कोणता मजला चालेल. शेवटच्या रकान्यात कार्यालयप्रमुखाची सही, शिक्का, तारीख. तोंडी सांगितलेलं धरायचं नाही. साहेब बदलून जातात आणि नवे साहेब विचारतात, ‘आमची मीटिंग हॉलची मागणी कुणी कापली?’ त्या वेळी तुझ्याकडे कागद असला पाहिजे.

आता दप्तराचं बघ, कारण सरकारी इमारत दप्तराने वाकते, माणसांनी नाही. तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये जा, लाल फडक्यात बांधलेला कागदांचा गठ्ठा, म्हणजे एक रुमाल, उचल आणि काट्यावर ठेव. ५ किलो धरू. रॅकच्या एका खणात असे १० बसले तर ५० किलो, सहा खणांचे ३०० किलो. त्या रॅकने जागा अडवली ०.९ बाय ०.४५ मीटर, म्हणजे ०.४ चौरस मीटर. रॅकखालच्या चौरस मीटरमागे साधारण ७४० किलो झाले. तुझा स्लॅब किती भाराचा आहे, पाहिलंस? आयएस ८७५, म्हणजे इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक, त्याच्या दुसऱ्या भागात कार्यालयासाठी चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन आहेत, म्हणजे २५० किलो. पण तेही दप्तरासाठी वेगळी खोली असेल तरच. वेगळी खोली नसेल तर अख्ख्या कार्यालयाला ४ धरायचे. फाइलींच्या खोलीला ५. आणि हल्ली सगळ्यांना हवे असलेले रुळांवरचे कॉम्पॅक्टर, म्हणजे एकमेकांना चिकटवता येणारी सरकती कपाटं, आले, की मधल्या वाटाच नाहीशा होतात, भार सलग होतो. तिथे साठ्याच्या उंचीच्या दर मीटरला ४ आणि कमीत कमी १० धरावे लागतात. म्हणजे साध्या कार्यालयाच्या चौपट. संकल्पचित्र मंडळाकडे, म्हणजे खांब-तुळयांचं गणित करणाऱ्या कार्यालयाकडे, नकाशा जाताना त्या खोलीवर नुसतं ‘स्टोअर’ लिहिलं असेल, तर तिथला माणूस तुळई कशाच्या आधारावर वाढवणार? त्याला स्वप्न पडणार आहे का? खोलीचं नाव, रॅकची उंची आणि कॉम्पॅक्टर आहे की नाही, हे तिन्ही नकाशावर लिहून पाठव.

मोजण्याआधी एक काम मात्र त्या-त्या कार्यालयाकडून करवून घे: कागद किती काळ जपायचे याची अ, ब, क, ड वर्गवारी. ड वर्गातले नष्ट करायचे कागद वर्षानुवर्षं पडलेले असतात. त्यांच्यासाठी सरकारी पैशाने आरसीसी घर बांधायचं कारण नाही.

मग रेकॉर्ड तळमजल्यावर घेऊ, प्रश्न मिटला, असं म्हणशील. मिटत नाही, फक्त स्लॅबवरून जोत्यात उतरतो. तुमच्याकडे काळी माती आहे. पाया मुरमापर्यंत नेतात, खांब हलत नाहीत, पण पायाच्या खड्ड्यांतून निघालेली तीच काळी माती ठेकेदार गुपचूप जोत्यात ढकलतो. वाहतूक वाचते ना. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि फरशी खांबांपासून सुटून मध्ये बसते. साध्या खोलीत फरशी वाजते एवढंच. कॉम्पॅक्टरच्या खोलीत रूळ पातळी सोडतात, चाकं अडतात, आणि अव्वल कारकून फेरफाराची फाइल काढायला दोन शिपाई लावून कपाट ढकलतो. म्हणून जोत्यात फक्त मुरूम, २०० मिलिमीटरचे थर, पाणी आणि रोलर. रेकॉर्डच्या खोलीत वरून सळईचा स्लॅब, आणि रुळांसाठी खाच आधीच सोडलेली. वाळवीचं औषध जोत्याच्या भरावावर चौरस मीटरला ५ लिटर, आणि ते सगळ्यात शेवटी, काँक्रीट टाकायच्या तोंडावर. औषध मारल्यावर अर्थिंगची किंवा नळाची चर कुणी खणली की तेवढ्या पट्ट्यात वाळवीला दार उघडलं. हा क्रम वीजवाल्यांना आधी लेखी कळव.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण तक्ता असता तर तू तो विचारलाच नसतास. अभ्यागतांचा रकाना बघायचा: दुय्यम निबंधक, सेतू आणि पुरवठा शाखा, तिन्ही तळाला. दस्त नोंदवायला पक्षकारांबरोबर साक्षीदार येतात, म्हातारी माणसं येतात, त्यांना जिना चढवू नकोस. उपकोषागारही तळाला, त्याच्या स्ट्राँग रूमला एकच दार, गारदीची खोली अशी की पहाऱ्यावरच्या माणसाला ते दार बसल्या जागेवरून दिसावं, आणि वरच्या मजल्यावर त्याच्या डोक्यावर संडास नको. नकाशात तो मला दिसतोय. मुद्रांकांवर गळती झाली तर खुलासा तुला लिहावा लागेल. भूमी अभिलेख पहिल्या मजल्यावर चालेल, पण त्यांचे गुंडाळलेले नकाशे लांब असतात, कपाटाची लांबी विचारून घे.

रॅम्प. जोतं ९० सेंटीमीटर, उतार १:१२, म्हणजे नुसती चढण १०.८ मीटर. मध्ये विसावा १.५, वर आणि खाली वळायला तेवढीच जागा. १५.३ मीटर झाले. तुझ्या नकाशात तो ६ मीटरचा आहे. त्यावरून चाकाची खुर्ची चढणार नाही, ती परत खाली येईल. जागा नसेल तर रॅम्प वळव, उतार वाढवू नकोस.

कार्यालयाला जागा कमी पडली की पहिलं कपाट बाहेर येतं, व्हरांड्यात. १.८ मीटरच्या व्हरांड्यात दोन्ही बाजूंना ४५० मिलिमीटरची कपाटं लागली की उरली ९० सेंटीमीटरची वाट. २१ जून २०१२ ला मंत्रालयात चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर गेली, माणसं दगावली, फाइली राख झाल्या. तेव्हापासून सगळे अग्निशमनाचे पाइप मोजतात. वाट मोजत नाहीत. वाट अडते ती तक्त्यात दप्तराची लांबी न लिहिल्यामुळे. म्हणून पुन्हा: आधी तक्ता, मग नकाशा.

जागेचं थोडक्यात. सातबारा काढ, मोजणी करून हद्दीचे दगड डोळ्यांनी बघ, जुन्या इमारतीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती हिशेबातून काढून पाडण्याचा, प्रस्ताव आणि झाडांची परवानगी निविदेच्या आधी हातात ठेव. जुनं कार्यालय तात्पुरतं कुठे हलणार, भाडं कोण देणार, हेही आधी. नाहीतर कार्यारंभ आदेश निघतो आणि तहसील तिथेच बसलेलं असतं.

आणि बारावं कार्यालय येणारच. पहिल्या मजल्याचा स्लॅब पडला की कुणीतरी पत्र घेऊन येतं, ‘आमच्यासाठी दोन खोल्या.’ तू भिडस्त आहेस, हो म्हणशील. मग भिंती सरकतात, परिमाणं सव्वापटीच्या वर गेली की कंत्राटातलं वाढीव कामाचं क्लॉज ३८, नवीन बाबी आल्या की ईआयआरएल, म्हणजे जादा बाबींच्या दरांची यादी, आणि शेवटी सुधारित प्रशासकीय मान्यतेची फाइल, तिच्यात काम अडकून पडतं. वाढीव मजला लागेल असं वाटत असेल तर पाया आणि खांब आजच त्या मजल्याचे धर आणि तसं नकाशावर लिही. पण आलेल्या पत्राला उत्तर एकच: तक्त्यावर सही कुठे आहे? मी नकाशे अडवून धरायचो म्हणून लोक मला अडेलतट्टू म्हणत. म्हणोत. ज्या कामांत मी अडवले नाहीत, त्यांचीच आज मला लाज वाटते, आणि तिथल्या फरशा अजून वाजतात.

एक रकाना बहुतेकजण विसरतात: ताबा कोणाकडे? प्रत्येक कार्यालयाचा वीजमीटर वेगळा ठेव, कारण प्रत्येकाचं लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, वेगळं. पण लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे आणि आगीचा पंप यांच्या सामाईक मीटरला धनी लागतो. तो लेखी ठरला नाही तर बिल थकतं, आणि जोडणी तुटली की आगीचा पंपही जातो. जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं ‘ब’ प्रमाणपत्र द्यायचं असतं, तेही याच धन्याचं काम. बहुधा तहसीलदार किंवा प्रांत असतील. त्यांची सही त्या रकान्यात घे.

भूमिपूजन होऊ दे, कुदळ मारायला नकाशा लागत नाही. वास्तुशास्त्रज्ञांना मात्र आजच कळव की सुधारित गरजा येत आहेत. सोमवारी टेप, वजनकाटा आणि तक्त्याच्या अकरा प्रती घेऊन तहसीलमध्ये जा. सुरुवात रेकॉर्ड रूमपासून कर, सकाळी दहाच्या आत, किल्ली ज्याच्याकडे असते तो कारकून नंतर सापडत नाही. उंची नुसत्या रॅकची नाही, जमिनीपासून वरच्या खणावर रचलेल्या रुमालाच्या डोक्यापर्यंत घे. आकडे आले की मला पाठव, मी तपासून देतो.