हलगीचा हात ड्रम्सवर बसेल का?

प्रश्न: नमस्कार दादा, मी कोल्हापूरजवळच्या उचगावचा, वय ३८, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला आहे. कॉलेजला होतो तेव्हा मंडळाच्या मिरवणुकीत हलगी वाजवायचो, शाहू स्टेडियमवर मॅच असली की तिथं पण. आता ड्रम्स शिकायचेत पण क्लासची वेळ आणि माझी शिफ्ट काही जुळत नाही, म्हणून व्हिडिओ बघून घरीच शिकायचं म्हणतोय. या वयात जमेल का? सेट आत्ताच घेऊ का? फ्लॅटमध्ये राहतो, शेजाऱ्यांचं पण बघायला लागतंय.

उत्तर: जमतंय भावा. धीर द्यायला म्हणून सांगत नाही, हलगी वाजवलेला माणूस ड्रम्सला बसला की त्याचं निम्मं काम आधीच झालेलं असतं, कान तयार असतो, सम कुठं येते ते त्याला कुणी सांगावं लागत नाही. पण त्याच हलगीची एक सवय आडवी पण येते आणि मला जास्त करून त्यावरच बोलायचंय.

मिरवणुकीत काय होतं आठवा. पापाच्या तिकटीला येईपर्यंत हात निवांत असतो, मग पोरं नाचायला लागली की लय चढते, ती चढवायचीच असते, नाही चढली तर मजाच नाही. ड्रम्सवर याच्या बरोब्बर उलटं. पहिल्या ओळीला जी लय धरली तीच शेवटच्या ओळीला पाहिजे, कारण गिटारवाला, गाणारा, सगळे तुमच्या भरवशावर असतात. मी पण हलगीवरनंच आलो, आणि एका गावच्या जत्रेत पहिल्यांदा ऑर्केस्ट्रात बसलो तेव्हा दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणं इतकं पळालं की गाणाऱ्या बाईंना श्वास घ्यायला जागा राहिली नाही, त्यांनी मागं वळून माझ्याकडं बघितलं ते अजून आठवतंय. मला वाटत होतं मी बरोबर वाजवतोय. ही चूक वाजवताना स्वतःला कळतच नाही, आणि समोर गुरू नसला की कोण सांगणार? म्हणून एकट्यानं शिकणाऱ्याचे गुरू दोन, मेट्रोनोम, म्हणजे ठरवलेल्या लयीत टिकटिक करणारं यंत्र, आणि मोबाईलचं रेकॉर्डिंग. दोन्ही फोनमध्ये फुकट मिळतात. मेट्रोनोम ६० वर लावा, ६० म्हणजे सेकंदाला एक ठोका, लई हळू वाटेल, हात शिवशिवतील, पण महिनाभर त्याच्या पुढं जाऊ नका. रोज शेवटची पाच मिनिटं रेकॉर्ड करायची आणि दुसऱ्या दिवशी ऐकायची, त्याच दिवशी नको, दमलेल्या कानाला सगळं बरं वाटतं.

सेट आत्ता घेऊ नका. एक रबरी प्रॅक्टिस पॅड आणि ५ए नंबरच्या काठ्यांची जोडी, तीन महिने एवढंच बास. काठी मागच्या टोकाकडनं साधारण एक तृतीयांशावर धरायची, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत, बाकीची बोटं नुसती मागं गुंडाळलेली. आता काठी पॅडवर पडू द्या, मारू नका, पडू द्या. पाच-सहा वेळा आपोआप उसळली तर धरायचं जमलं. एकदाच ठप्प झाली तर मूठ आवळलीय. फाउंड्रीत दिवसभर जड काम करणाऱ्याची मूठ आवळलेलीच असणार, त्यामुळं आधी गरम पाण्यात हात धरून दोन मिनिटं बोटं सैल करा.

डाव्या हाताला जास्त वेळ द्या. हलगीला डाव्या हातात बारीक काडी असते आणि तोच हात कडं पण सांभाळतो, त्यामुळं डावं मनगट कधी मोकळं फिरलेलंच नसतं. त्याला उपाय म्हणजे पॅराडिडल, उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. ड्रमचे असे ४० ठरलेले रुडिमेंट्स, म्हणजे हाताचे पायाभूत बोल, आहेत, सगळ्यांच्या मागं लागू नका, सिंगल स्ट्रोक (एकेक हात आलटून पालटून), डबल स्ट्रोक (प्रत्येक हातानं दोन-दोन) आणि पॅराडिडल हे तीन घट्ट झाले की पुढचे बरेच यांच्यातनंच निघतात.

खरं अवघड आहेत ते पाय. हलगीत पाय नुसता चालतो, इथं तो वाजवतो. पण केरवा ताल तर येतोय ना? धा गे ना ती न क धि न, आठ मात्रा. रॉकची साधी बीट पण आठातच बसते. खुर्चीवर बसा, उजव्या हातानं उजव्या मांडीवर आठही मात्रा सारख्या, ही तुमची हाय-हॅट, म्हणजे सेटवरची झांजांची जोडी. पहिल्या आणि पाचव्या मात्रेला उजवा पाय जमिनीवर, हा किक, पायानं वाजवायचा मोठा ड्रम. तिसऱ्या आणि सातव्याला डावा हात डाव्या मांडीवर, हा स्नेअर, समोरचा चपटा ड्रम. बास, बीट झाली. पहिले दोन-तीन दिवस डावा हात पायाच्या मागं पळत जाईल, तेव्हा चिडायचं नाही, आधी हात-पाय बंद करून तोंडानं म्हणायचं, मग एकेक जोडत जायचं. कंपनीच्या बसमध्ये सीटवर बसून पण होतंय हे.

शेजाऱ्यांचं म्हणाल तर पॅड टेबलावर ठेवू नका, टेबल घुमतं, वाकळेची चार पदरी घडी घालून तिच्यावर ठेवा. पुढं इलेक्ट्रॉनिक सेट घेतला तरी किकच्या पेडलचा धक्का स्लॅबमधनं खालच्या घरात जातोच, त्याला दोन प्लायवूडच्या मधे टेनिस बॉल बसवून त्या फळीवर सेट ठेवतात, चांगला उपाय आहे. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल आहे, सेकंड शिफ्टवरनं आल्यावर फक्त पॅड. आणि खालच्या घरच्यांना आधीच जाऊन सांगून ठेवा, कधी वाजवणार ते, सांगितलेल्या आवाजाचा त्रास कमी होतो.

प्रश्न: माझी मुलगी ११ वर्षांची आहे, डावखुरी. घरीच शिकतेय. तिच्यासाठी सेट उलटा मांडायचा का?

उत्तर: ताई, तिला फुटबॉल मारायला सांगा. डाव्या पायानं मारत असेल तर उलटा मांडून बघायला हरकत नाही. उजव्या पायानं मारत असेल तर सेट सरळच राहू दे आणि हाय-हॅट तिला डाव्या हातानं वाजवू दे, हात एकमेकांवरनं न्यावे पण लागत नाहीत. बीटल्स या इंग्लिश बँडचा ड्रमर रिंगो स्टार डावखुरा आहे आणि सरळ सेटवरच वाजवत आलाय. सरळ सेटचा एक फायदा, शाळेच्या गॅदरिंगला दुसऱ्याच्या सेटवर लगेच बसता येतं. पण आठवडाभर दोन्ही करून बघा आणि ती म्हणेल ते ठेवा, फक्त हातातला चमचा बदलायला लावतात तसं करू नका.

प्रश्न: मित्राच्या गाळ्यात खऱ्या सेटवर तासभर वाजवतो, घरी आल्यावर कानात कुंई वाजतंय. सवयीनं जाईल का?

उत्तर: जाणार नाही, वाढेल, आणि गेलेलं ऐकू परत येत नाही. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो असं धरतात, पुढं दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं, आणि बंद गाळ्यात ड्रम्स १०० च्या वर सहज जातात. कापूस घालून काही होत नाही. मेडिकलमध्ये फोमचे इअरप्लग मिळतात, चिमटीत बारीक वळायचे, दुसऱ्या हातानं कान वर ओढून आत सरकवायचे आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवायचे. गाळ्यात भिंतींना जुनी गादी, जाड पडदे लावा. आणि आवाज दोन दिवसांत थांबला नाही तर कानाच्या डॉक्टरकडं जा, तोवर सेटवर बसू नका.